खिडकी बंद आहे ना?

१

शुश्रूषागृहाच्या मागच्या इमारतीत बरी न होणारी माणसं ठेवत. तिथे कुणी गेलं तर हळहळ होई, आश्चर्य कुणालाच वाटत नसे. त्यामुळे तिथल्या मृत्यूंमध्ये काही वावगं आहे हे माणसांपैकी कुणालाही दिसलं नाही. ते संगणकाला दिसलं.

अध्यक्षांनी मोठ्या हौसेने कृत्रिम बुद्धिमत्ता बसवून घेतली होती. खोल्यांचं तापमान, दारं-खिडक्यांची उघडझाप, औषधं, जेवणं, कर्मचाऱ्यांची ये-जा, बाहेरची हवा, असा सगळा ढिगारा तिच्या पुढ्यात ओतायचा आणि यातून काय दिसतं ते सांग म्हणायचं. रात्री दिवे कमी लावा, भात जरा मऊ शिजवा, असलं काहीतरी निघेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. निघालं ते असं: मागच्या इमारतीत ज्याच्या खोलीची खिडकी उघडते, तो पुढच्या तास-दीड तासात मरतो. आणि खिडकी उघडते तेव्हा बहुतेक वेळा कामावर एकच बाई असते.

त्या बाईंना सगळे थोरल्या सिस्टर म्हणत. अहवाल आला त्याच दिवशी त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं गेलं आणि त्यांना फाटकाबाहेर केलं गेलं. पोलिसांत जाण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून अध्यक्षांनी फोन उचलला, आणि तो आमच्या घरी वाजला.

२

माझी बायको विमा कंपनीत मृत्यूच्या दाव्यांची चौकशी करायची. ऑफिसात तिला पाठीमागे शंकासूर म्हणत. मी तोंडावर म्हणतो. निवृत्तीनंतरही तिला असली बोलावणी येतात आणि तिच्या चेहऱ्यावर तरतरी येते. मी भूगोलाचा माजी मास्तर. अशा वेळी मी गाडी चालवतो, पाण्याची बाटली सांभाळतो आणि मध्ये तोंड घालत नाही. निदान तसा करार आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळपासूनची रिमझिम चालूच होती. गाडी लावायला जागा मिळाली ती मोठ्या डॉक्टरांच्या गाडीशेजारी. उतरताना माझ्या हातातून किल्ली सटकली आणि नेमकी त्यांच्या गाडीच्या चाकाशी गेली. मी वाकलो, किल्ली काढली, त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकून कसाबसा उठलो. गारठलेल्या हाताला तेवढीच ऊब मिळाली.

"अहो, चौकशीला आलोय," बायको म्हणाली. "व्यायाम घरी करा."

मोठे डॉक्टर म्हणजे इथले एकमेव डॉक्टर. 'मोठे' हे विशेषण अंगापेक्षा आवाजाला जास्त लागू होतं. त्यांनी आम्हाला बसवलं आणि विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.

"सरळ गोष्ट आहे बाई. अशक्त म्हातारं शरीर, त्यात छातीत कफ. त्यावर एकदम गार हवेचा झोत सोडला की संपलं. इमारत वातानुकूलित आहे. खिडक्या बारा महिने बंद ठेवायचा नियम आहे. मग त्या का उघडायच्या? मला तर पहिल्यापासून त्या बाईबद्दल संशय होता."

"कुणाला बोलला होतात?"

"पुरावा नव्हता ना! तो आता संगणकाने दिला."

"तुम्ही कुठे राहता?"

"हा काय समोरचा बंगला. आवारातच. सिस्टरने बोलावलं की पाच मिनिटांत मी खाटेजवळ. आज सकाळपासून तर फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. माणसं माझ्या भरवशावर आहेत."

"आणि मृत्यूची वेळ कोण लिहितं?"

"मीच. नियमच आहे तसा." डॉक्टर खुर्चीत रेलले. "इथे मी सांगितल्याशिवाय कुणी मरत नाही."

स्वतःच्या विनोदावर ते मनापासून हसले. बायकोही हसली. ती अशी हसली की मी पाण्याची बाटली घट्ट धरतो.

"थोरल्या सिस्टर काय म्हणतात?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "एवढंच म्हणतात, की हो, खिडकी मीच उघडते."

३

थोरल्या सिस्टरना शोधायला लांब जावं लागलं नाही. फाटकासमोरच्या बसथांब्यावर त्या बसल्या होत्या. बस येत होत्या, जात होत्या, त्या उठत नव्हत्या. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, छत्री मांडीवर आडवी धरलेली. त्यांची नजर मागच्या इमारतीच्या एका खिडकीवर होती.

"ती आईची खोली," आम्ही शेजारी बसल्यावर त्या म्हणाल्या. "तिचे फार दिवस राहिले नाहीत. मला आत सोडत नाहीत, म्हणून इथून बघते."

"खिडक्या तुम्ही उघडायच्या?"

"हो."

"कशासाठी?"

सिस्टरनी छत्रीची मूठ फिरवली.

"तुमच्यावर खुनाचा आळ येतोय," बायको म्हणाली. "एक-दोन नाही, कितीतरी माणसांच्या. सांगण्यासारखं काही असेल तर आत्ताच सांगा."

"आईला तिथे ठेवून घेणं मोठ्या डॉक्टरांच्या हातात आहे. काल त्यांनी मला बोलावून सांगितलं, खिडकीबद्दल 'हो' म्हण, पुढे एक शब्द बोललीस तर आईला संध्याकाळच्या आत घरी न्यायचं. या अवस्थेत कुठे नेऊ तिला? जिन्यातच जाईल ती." त्यांचा आवाज चढला नाही. "आई आहे तोवर मी गप्प बसणार. नंतर मला कुठेही न्या. फक्त तुमचं वजन असेल तर एवढं करा. तिच्या शेवटच्या घटकेला मला तिच्याजवळ जाऊ द्या. जन्मभर परक्या माणसांचे हात धरून बसले मी. तिचा हात कोण धरणार?"

मी आयुष्यात नद्या आणि पर्वत शिकवले. अशा वेळी काय बोलायचं ते मला येत नाही. बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हेही ती सहसा करत नाही.

रस्ता ओलांडताना मी म्हणालो, "ही बाई खुनी नाही."

"मलाही तसंच वाटतं," बायको म्हणाली. "पण वाटण्यावर दावा निकाली निघत नाही. संगणक खोटं बोलत नाहीये, आणि तीही 'हो' म्हणतेय. खिडकी उघडते, माणूस मरतो. हे खरंच आहे."

४

आईच्या खोलीत साफसफाई करणाऱ्या मावशी होत्या. खाटेवर एक छोटीशी म्हातारी, उशीपेक्षा थोडीच जाड. डोळे मिटलेले. आमची चाहूल लागताच तिने विचारलं, "खिडकी बंद आहे ना?"

"बंद आहे हो आजी," मावशी म्हणाल्या.

"मग ठीक आहे." म्हातारीच्या तोंडावर चक्क समाधान पसरलं.

"सारखं हेच विचारतात," मावशी आम्हाला म्हणाल्या. "या पण सिस्टरच होत्या, याच इमारतीत. लेकीला त्यांनीच तयार केलं."

"थंडी वाजत असेल त्यांना."

"कसली थंडी! पांघरूण टाकलं की लाथाडतात."

बायकोने खिडकीपाशी जाऊन बाहेर पाहिलं. तिथून बसथांबा दिसत होता आणि त्यावरची छत्रीही. मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, बोलावल्यावर मोठे डॉक्टर लगेच येतात ना?"

मावशींनी फडका पिळला. पुन्हा पिळला, त्यात पाणी उरलेलं नसताना.

"येतात की," त्या म्हणाल्या. "येतातच. शेवटी येतातच."

आणि बादली उचलून त्या इतक्या घाईने बाहेर पडल्या की निम्मं पाणी उंबऱ्यातच सांडलं.

५

संगणक बसवणारा इंजिनिअर तळमजल्यावर, नियंत्रण कक्ष अशी पाटी लावलेल्या एका कोठीत बसला होता. भिंतीवर फळा होता आणि फळ्यावर प्रत्येक खिडकीसाठी एक दिवा. सगळे हिरवे होते. खिडकी उघडली की तांबडा होतो, असं त्याने सांगितलं. माणूस हुशार होता आणि आपला संगणक गुन्हेगाराला पकडतो याचा त्याला अभिमान वाटत होता.

"मला खून समजावून सांगा," बायको म्हणाली. "गार हवेने मारलं म्हणतात. मग हिवाळ्यात जास्त माणसं गेली असतील?"

त्याने बटणं दाबली. "नाही. बारा महिने सारखंच."

"ऐन उन्हाळ्यात? बाहेर भट्टी पेटलेली असताना खिडकी उघडून कुणाला गारठा लागतो?"

इंजिनिअरने मान खाजवली. "संगणक कारण सांगत नाही, मॅडम. दोन गोष्टी एकापाठोपाठ येतात एवढंच सांगतो. कारण डॉक्टरांनी सांगितलं."

"बरं. खिडकी उघडली आणि माणूस वाचला, असं किती वेळा झालं?"

"एकदाही नाही."

"एकदाही?"

"म्हणून तर निष्कर्ष इतका पक्का आहे!"

बायको स्टुलावर बसली. "मी जन्मभर विषबाधा, अपघात, पायऱ्यांवरून ढकललेली माणसं पाहिली. मारणाऱ्याचा नेम कधीतरी चुकतोच. कुणीतरी चिवट निघतं. इथे जाडे, रोडके, कफाचे, बिनकफाचे, सगळे खिडकी उघडली की मुकाट्याने मरतात. असं हत्यार मी तरी पाहिलेलं नाही." ती जरा थांबली. "संगणकाच्या नियमात न बसलेला एखादा मृत्यू असेल ना? अगदी एखादा?"

इंजिनिअर चुळबुळला. "आहे एक. उलटा आहे. त्यात आधी मृत्यूची वेळ आणि मग खिडकी. नोंदीत गडबड असणार असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तो आम्ही काढून टाकला."

"कुणाचा मृत्यू?"

त्याने पडदा आमच्याकडे वळवला. मृताच्या नावासमोर नातेवाईक म्हणून ज्यांची नोंद होती, ते या संस्थेचे अध्यक्ष होते.

बायको उठून उभी राहिली. "डॉक्टर कधी आले, कधी गेले याची माहिती संगणकाकडे आहे?"

"नाही. ओळखपत्रं कर्मचाऱ्यांना आहेत. डॉक्टरांनी घेतलं नाही. त्यांना त्याची गरज वाटली नाही."

"विभागातून डॉक्टरांना केलेले फोन?"

"टेलिफोनच्या यंत्रात असतात ते. पण आपण ते संगणकाला दिलेच नव्हते."

"आता द्या," बायको म्हणाली. "आणि पुन्हा विचारा."

६

अध्यक्षांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो: अध्यक्ष, मोठे डॉक्टर, इंजिनिअर, बायको आणि दाराजवळच्या खुर्चीवर मी. पोलिसांना द्यायचा अर्ज टेबलावर तयार होता. त्यावर फक्त सही व्हायची होती.

"तुमचे वडील इथेच गेले ना?" बायकोने अध्यक्षांना विचारलं. "तुम्ही जवळ होतात?"

"होतो. डॉक्टरही होते. माझे वडील म्हणून सकाळपासून हललेच नाहीत ते."

"शेवटी काय झालं, आठवतं तसं सांगा."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "श्वास थांबला. डॉक्टरांनी नाडी बघितली, घड्याळ बघितलं, वेळ सांगितली. मग थोरल्या सिस्टरनी बाबांचे डोळे मिटले आणि..." ते अडखळले. "आणि जाऊन खिडकी उघडली. मला तेव्हा बरं वाटलं होतं. खोली कोंदट झाली होती."

डॉक्टर खिशात काहीतरी शोधू लागले.

"माणूस गेला की सिस्टर खिडकी उघडतात," बायको म्हणाली. "आधी नाही. गेल्यावर. त्या खिडकीने कधीच कुणाला मारलेलं नाही. ती उघडली की समजायचं, इथलं संपलं. पण कागदावर वेळ चढते ती डॉक्टर येऊन बघतात तेव्हाची. तोपर्यंत माणूस कागदावर जिवंतच असतो. डॉक्टर, तुम्हीच म्हणालात, तुम्ही सांगितल्याशिवाय इथे कुणी मरत नाही. तुमच्या वडिलांच्या वेळी, अध्यक्षसाहेब, डॉक्टर खाटेजवळ उभे होते, म्हणून क्रम सरळ राहिला. बाकी सगळ्यांच्या वेळी तो उलटा झाला. का झाला?"

"मला यायला कधीकधी थोडा उशीर होतो," डॉक्टर म्हणाले. "माणूसच आहे मी."

बायकोने इंजिनिअरकडे पाहिलं. त्याने घसा साफ केला. मघाचा अभिमान कुठल्या कुठे गेला होता. "फोनची माहिती घातली, सर. प्रत्येक वेळी विभागातून डॉक्टरांना फोन. मग पुन्हा फोन. पुन्हा. मग खिडकी. आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने मृत्यूची नोंद. गेल्या वर्षापासून हे अंतर वाढत गेलंय. सकाळी आणि संध्याकाळी जास्त. दुपारी जवळजवळ नाहीच."

"समोरच्या बंगल्यातून यायला एवढा वेळ?" अध्यक्षांनी विचारलं.

"बंगल्यातून यायचे असते तर," बायको म्हणाली. "अहो, आल्या आल्या किल्ली उचलून उठताना हात कशावर टेकलात?"

करार मोडायची परवानगी मला प्रथमच मिळाली. "डॉक्टरांच्या गाडीच्या बॉनेटवर. ऊबदार होतं."

"पावसात, सकाळपासून फाटकाबाहेर न गेलेली गाडी," बायको म्हणाली. "कुठे बसता, डॉक्टर?"

डॉक्टरांचा मोठा आवाज एवढासा झाला. "मेव्हण्याचा दवाखाना आहे शहरात. सकाळ-संध्याकाळ जातो थोडा वेळ. पण मी असतो तरी ही माणसं वाचली नसती. हे तुम्हीही जाणता."

अध्यक्षांनी थोरल्या सिस्टरना बोलावून घेतलं. त्या ओल्या छत्रीसकट आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. आईला कुणी हलवणार नाही असं अध्यक्षांनी आधी सांगितलं, तेही दोनदा. मग त्या बोलल्या.

"वाचली नसती, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "मरण टळलं नसतं. कळा टळल्या असत्या. कळा थांबवायचं इंजेक्शन कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे. मी फोन करायची. येतो म्हणायचे. माणूस माझा हात धरून ओरडायचा, सिस्टर, काहीतरी द्या. मी काय देणार? डॉक्टर येतायत, एवढंच सांगायची मी. तेच सांगत सांगत ते जायचे. मग मी खिडकी उघडायची."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. अध्यक्षांनी टेबलावरचा अर्ज उलटा केला आणि कोरा कागद पुढे ओढला.

जिना उतरताना इंजिनिअरने बायकोला गाठलं. "म्हणजे संगणक चुकला, मॅडम?"

"नाही हो. कोण हजर होतं ते त्याने बरोबर सांगितलं. गैरहजर माणूस त्याला दाखवलाच नव्हता तुम्ही." मग तिलाच त्याची दया आली असावी. "आज नीट विचारल्यावर त्यानेच शोधला की. नुसत्या गाडीच्या उबेवर मी कुणाला पकडलं नसतं."

७

त्या आठवड्यातच पुन्हा जावं लागलं. बायकोच्या सह्या राहिल्या होत्या आणि माझी छत्री. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीवरची पाटी निघाली होती. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि गळ्यात ओळखपत्र घालून फिरत होत्या. कपाटाची एक किल्ली आता विभागातच असते, असं मावशींनी आम्हाला न विचारता सांगितलं.

दुपारची वेळ होती. आम्ही इंजिनिअरच्या कोठीत चहा घेत होतो. बायको त्याला सांगत होती की संगणकाला काय द्यायचं ते ठरवताना एकदा मावशींनाही विचारत जा. फळ्यावरचे सगळे दिवे हिरवे होते. मग त्यातला एक तांबडा झाला.

कुठल्या खोलीचा, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आम्ही वर गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई आमच्यापुढे धावत जिना चढत होत्या. खोलीत थोरल्या सिस्टर खिडकीपाशी उभ्या होत्या. दोन्ही कवाडं सताड उघडी होती, खालच्या रस्त्यावरून बस गेल्याचा आवाज आला. खाटेवर म्हातारीचे डोळे मिटलेले होते, केस नीट विंचरलेले होते, एक हात पांघरुणाबाहेर होता. तो हात कुणीतरी बराच वेळ धरला होता हे दिसत होतं.

"आईनेच शिकवलं होतं," सिस्टर कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "माणूस गेला की खिडकी उघडायची. कोंडून ठेवायचं नाही. शेवटी शेवटी सारखं विचारायची, बंद आहे ना? बंद आहे म्हटलं की तिला कळायचं, आपण अजून आहोत." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आज विचारलं नाही तिने."

बायको दारातच उभी होती. तिच्याकडे नेहमी एखादा प्रश्न असतो. आज नव्हता. तिने माझा हात धरला होता आणि तो दुखेपर्यंत धरला होता.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली. मग पेन काढून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्या थांबल्या. घड्याळ त्यांनी बाहीखाली सारलं.

"सिस्टर," त्यांनी हळूच विचारलं, "आई कधी गेल्या?"

सिस्टरनी वेळ सांगितली. डॉक्टरीणबाईंनी तीच लिहिली.